अर्बात (मॉस्को)

अर्बात : रशियाची राजधानी मॉस्कोमधील चित्रकार, कारागीर आणि रस्त्यावरच्या गायक-वादकांसाठी प्रसिद्ध असलेला पादचारी रस्ता. क्रेमलिनच्या पश्चिमेला, अर्बात दरवाजा चौकापासून स्मोलेन्स्काया चौकापर्यंत तो साधारण सव्वा किलोमीटर जातो. पश्चिम टोकाला परराष्ट्र मंत्रालयाची स्टालिनकालीन गगनचुंबी इमारत उभी आहे. रस्त्यावर कुठेही उभे राहिले तरी बहुधा ती दिसते, त्यामुळे नवखा माणूसही इथे सहसा दिशा चुकत नाही. १९६०च्या दशकात जुनी वस्ती पाडून शेजारून ‘नवा अर्बात’ हा रुंद हमरस्ता काढला गेला. तेव्हापासून या रस्त्याला बोलण्यात ‘जुना अर्बात’ म्हणतात.

अर्बातचा पहिला उल्लेख १४९३ सालचा आहे आणि तो आगीचा आहे. इथल्या संत निकोलसच्या चर्चमधल्या मेणबत्तीने पेट घेतला आणि शहराचा मोठा भाग खाक झाला, असे बखरी सांगतात. ‘एका कोपेकच्या (म्हणजे पैशाएवढ्या क्षुल्लक नाण्याच्या) मेणबत्तीने मॉस्को जळाले’ ही रशियन म्हण या घटनेशी जोडली जाते. नावाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. वेशीबाहेरची वस्ती या अर्थाच्या ‘रबद’ या अरबी शब्दाचे ‘अरबाद’ हे अनेकवचन त्यामागे असावे, हे मत जास्त मान्य आहे. काही जण ते ‘अरबा’ म्हणजे गाडा या तुर्की शब्दाकडे नेतात. १६५८ मध्ये झार अलेक्सेईने फर्मान काढून रस्त्याचे नाव ‘स्मोलेन्स्काया’ केले, पण लोकांनी ते काही तोंडात बसू दिले नाही.

अर्बातला कारागिरांची गल्ली म्हणतात ते आज दिसणाऱ्या दुकानांमुळे. पण या नावावर त्याचा खरा हक्क आहे तो चारशे वर्षांपूर्वीच्या वस्तीमुळे. सोळाव्या-सतराव्या शतकांत राजवाड्याची चाकरी करणाऱ्या कारागिरांचे मोहल्ले या भागात होते. ते मोहल्ले गेले, गल्ल्यांची नावे राहिली. प्लोत्निकोव्ह गल्ली सुतारांची, सेरेब्रियानी चांदीकाम करणाऱ्यांची, देनेझ्नी टांकसाळीत नाणी पाडणाऱ्यांची, स्तारोकोन्यूशेन्नी राजाच्या पागेतल्या नोकरांची. थोडे उत्तरेला गेले की पोवार्स्काया हा आचाऱ्यांचा रस्ता, पावाची ख्लेब्नी गल्ली आणि मेजावरच्या चादरींची स्कातेर्त्नी गल्ली लागते. गल्ल्यांच्या पाट्या ओळीने वाचत गेले, तर झारच्या मुदपाकखान्याची आणि कोठाराची यादीच हाती येते. १७१२ मध्ये राजधानी सेंट पीटर्सबर्गला गेली, दरबारी कारागिरांचे काम संपले आणि इथे सरदारांचे वाडे उठले. नेपोलियनच्या स्वारीत लागलेल्या १८१२च्या आगीनंतर हा भाग जवळजवळ नव्याने बांधावा लागला.

कवी अलेक्सांद्र पुश्किन लग्नानंतर फेब्रुवारी ते मे १८३१ एवढाच काळ क्रमांक ५३च्या घरात राहिले. बिऱ्हाड तीन महिन्यांचे. पण आता तिथे संग्रहालय आहे आणि समोर पुश्किन व नतालिया या जोडप्याचा पुतळा. शेजारच्या ५५ क्रमांकाच्या घरात १८८० मध्ये लेखक आंद्रेई बेली यांचा जन्म झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार मागे पडले आणि डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी मंडळी इथे राहायला आली. अर्बातची ‘बुद्धिजीवींचा मोहल्ला’ ही ख्याती त्यांची. स्टालिनच्या काळात मात्र त्याच्या कुन्त्सेव्होच्या बंगल्याकडे जाणारा मार्ग इथून होता, त्यामुळे साध्या वेशातले पहारेकरी फुटपाथवर कायमचे उभे असत.

१९८२ ते १९८६ या काळात रस्त्याची पुनर्रचना झाली, ट्रॉलीबस बंद झाली, फरसबंदी आणि जुन्या धाटणीचे दिवे आले. मॉस्कोतला हा पहिला पादचारी रस्ता. बुलात ओकुद्झावा हे गीतकार-गायक इथेच वाढले होते आणि त्यांच्या गाण्यांनी अर्बात देशभर पोहोचवला होता. नव्या सजावटीत आपला रस्ता हरवला, अशी त्यांच्यासारख्या जुन्या रहिवाशांची तक्रार होती. ती रास्तच म्हणायला हवी, कारण दिवे जुने वाटावेत म्हणून नवे घडवले होते.

पण सरकारने आखले नव्हते ते पुढे घडले. वैयक्तिक व्यवसायाला परवानगी देणारा सोव्हिएत कायदा १ मे १९८७ पासून लागू झाला. कारागिराला स्वतःचा माल स्वतः विकायची मुभा मिळाली आणि नेमका तेव्हाच हा मोकळा रस्ता तयार होता. चित्रकारांनी घडीची स्टुले मांडली, भिंतींना तसबिरी टेकल्या. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा कोळशाने किंवा पेस्टलने उतरवणारे आणि मागे उभे राहून साम्य तपासणारे बघे, हे दृश्य अर्बातची ओळख झाले. शेजारी एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या मात्र्योश्का बाहुल्या आल्या. ही बाहुली बहुधा लिंडनच्या वाळवलेल्या लाकडाची असते. कातारी आधी सर्वांत लहान, न उघडणारी बाहुली लेथवर उतरवतो. मग तिला सामावणाऱ्या बाहुलीचा खालचा अर्धा भाग आणि त्यावर घट्ट बसेल असा वरचा. रंगकाम त्यानंतर. पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे गोर्बाचोव्हने आणलेल्या सुधारणांच्या दिवसांत बाहेर गोर्बाचोव्ह आणि आत एकेक मागचा नेता, शेवटी बोटाएवढा लेनिन, अशा बाहुल्या उघड्यावर विकल्या जाऊ लागल्या. काही वर्षांपूर्वी हे कोणी स्वप्नातही आणले नसते.

पालेखच्या काळ्या लाखी पेट्या हा इथल्या दुकानांतला सर्वांत नाजूक माल. पालेख गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या देवचित्रे रंगवत. क्रांतीनंतर ती मागणी आटल्यावर त्यांनी तीच बारीक कुंचली कागदाच्या लगद्याच्या पेट्यांवर वळवली. आज बहुतेक दुकाने पर्यटकांसाठी आहेत आणि छापील माल हाताने रंगवलेल्या मालात सर्रास मिसळलेला असतो. अस्सल पेटीवरच्या सोनेरी रेषा भिंगातूनही तुटत नाहीत.

क्रिवोअर्बात्स्की गल्लीच्या तोंडाशी ‘त्सोई भिंत’ आहे. रॉक गायक विक्तोर त्सोई १५ ऑगस्ट १९९० रोजी अपघातात गेले आणि चाहत्यांनी ही भिंत लिहून काढली. ती मध्ये रंगवून पुसलीही गेली, पुन्हा भरली. चाहते तिथे मोडलेली सिगारेट ठेवतात. त्याच गल्लीत वास्तुविशारद कोन्स्तान्तिन मेल्निकोव्ह यांनी १९२७–२९ मध्ये स्वतःसाठी बांधलेले, एकमेकांत रुतलेल्या दोन दंडगोलांचे घर आहे. षटकोनी खिडक्यांमुळे ते लांबून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते. गजबजाटातून चार पावले आत वळणाऱ्यालाच ते सापडते.

मेट्रोने जाताना एक घोटाळा होतो. अर्बात्स्काया नावाची दोन स्थानके आहेत आणि स्मोलेन्स्काया नावाचीही दोन; दोन्ही जोड्या निळ्या आणि आकाशी अशा वेगवेगळ्या मार्गांवर. जुने, १९३५चे अर्बात्स्काया आकाशी मार्गावरचे. त्याची वरची इमारत पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची आहे.