वेष्टन-कचऱ्याची परतीची वाहतूक

किरकोळ दुकानात मालाबरोबर आलेली खोकी, प्लॅस्टिकचे कागद, क्रेट, पॅलेट (माल रचण्याच्या फळ्यांच्या चौकटी) आणि रिकाम्या बाटल्या गोदामाकडे किंवा पुनर्वापरासाठी परत नेण्याची व्यवस्था. माल उतरवून रिकामी परतणारी गाडीच त्यासाठी वापरली जाते. खरी अडचण वजनाची नसून जागेची आहे. रिकाम्या बाटल्यांनी गाडी भरते, पण वजन फारच थोडे भरते. म्हणून मोठ्या दुकानांत पुठ्ठा दाबून त्याचे गठ्ठे बांधणारे यंत्र ठेवतात आणि भाजीसाठी घडीचे क्रेट वापरतात. खाद्यपदार्थांच्या गाडीत अस्वच्छ कचरा मात्र वेगळाच ठेवावा लागतो.

या बाबतीत जर्मनीने घालून दिलेली घडी सर्वांत विचारपूर्वक आहे. 1991 च्या वेष्टन अध्यादेशाने वाहतुकीची वेष्टने परत घेणे उत्पादक आणि विक्रेत्यांवर बंधनकारक केले. पुढच्या वर्षी ग्राहकांना वरची जादा खोकी दुकानातच सोडून जाण्याचा हक्क मिळाला. ती उचलण्याचा खर्च अंगावर आल्यावर टूथपेस्टच्या ट्यूबवरचे खोके अनावश्यक आहे, हे व्यापाऱ्यांना लगेच उमगले. 2003 पासून पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर अनामत आहे; ती आता 25 सेंट आहे. सुरुवातीला काही साखळी दुकाने फक्त स्वतःच्याच बाटल्या घेत; 2006 मध्ये ही पळवाट बंद झाली. दुकानातले यंत्र बाटलीवरची खूण वाचते, पावती देते आणि बाटली तिथेच चेपते. त्यामुळे तिच्यावर पुन्हा पैसे उकळता येत नाहीत आणि गाडीतली जागाही वाचते.

महाराष्ट्रात मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेने दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतावा छापण्याची अट घातली. ही योजना रुजली नाही. वास्तविक परतीची गाडी इथे रोज दारात येते: पहाटेचा टेम्पो भरलेले क्रेट उतरवतो आणि आदल्या दिवशीचे रिकामे उचलतो. क्रेट डेअरीचा, त्याचा हिशेब वितरकाकडे असतो, म्हणून तो परत जातो. पिशवी मात्र घरोघर सुटी जाते. ती कोणी मोजायची, कुठे साठवायची आणि दुकानदाराला त्याचे काय मिळणार, हे ठरवल्याशिवाय नुसत्या छापील परताव्याने काही साधत नाही. अनेक घरांत या पिशव्या धुऊन, वाळवून साठवतात आणि रद्दीवाला त्या किलोच्या भावाने नेतो. परताव्याची कोणतीही नवी योजना आखताना त्याला त्या साखळीत घ्यायलाच हवे.