शृंगारमेजाचा चांदीचा संच (युरोपीय)

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील सरदार घराण्यांसाठी घडविलेला प्रसाधनसामग्रीचा संच. फ्रेंचमध्ये ‘त्वालेत’ म्हणजे मुळात मेजावर अंथरण्याचे लहान वस्त्र. पुढे ते मेज, त्यावरील सामान आणि प्रसाधनाची क्रिया असा अर्थ सरकत गेला. इंग्रजी ‘टॉयलेट’चा शौचालय हा अर्थ पुष्कळ नंतरचा. काम आपल्या फणेरपेटीचेच, पण पसारा मोठा : चांदीच्या चौकटीचा आरसा, पावडरीचे व फण्यांचे डबे, टाचण्यांची गादी, अत्तरकुप्या, तस्त, झारी, मेणबत्तीदाण्या. संच बहुधा विवाहप्रसंगी दिला जाई. सकाळचा शृंगार चालू असताना भेटीला येणाऱ्यांपुढे तो मिरवताही येई.

ही प्रथा फ्रान्समध्ये रुजली असे सामान्यतः मानतात. मात्र तेथील पुरावा तुटपुंजा आहे. युद्धखर्चासाठी चौदाव्या लुईने १६८९ व १७०९ मध्ये चांदी वितळवायला लावली. त्यामुळे फ्रेंच कामाचे काही उत्तम नमुने देशाबाहेरच उरले. स्कॉटलंडमधील लेनॉक्सलव्ह येथे सापडलेला, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला पॅरिसचा संच त्यांपैकी एक. रिचमंडची डचेस फ्रान्सिस स्ट्यूअर्ट हिला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने तो भेट दिला, अशी परंपरा आहे. परंतु चांदीवर ठोकलेल्या मुद्रांवरून त्यातील वस्तू साधारण १६६१ ते १६७७ दरम्यानच्या ठरतात आणि तिचा विवाह तर १६६७ चा. सगळा संच एकाच वेळची विवाहभेट मानणे त्यामुळे कठीण आहे. तो टप्प्याटप्प्याने जमला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लेनॉक्सलव्ह ही वास्तू (पूर्वीचे नाव लेथिंग्टन) डचेसच्या १७०२ मधील मृत्यूनंतर तिच्याच मृत्युपत्रातील पैशातून घेतली गेली. संच तेथे वारशाने पोहोचला असावा.

इंग्लंडमध्ये कालनिर्णय सोपा, कारण लंडनच्या चांदीवर वर्षदर्शक अक्षर उमटवलेले असते. १६९७ ते १७२० या काळात ९२.५ ऐवजी ९५.८ टक्के शुद्धतेची चांदी सक्तीची होती. ही अधिक मऊ असते. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) कारागिरांचा या कामावर मोठा ठसा आहे. त्याच परंपरेतील पॉल द लामरी याने १७२४ च्या सुमारास ट्रेबी घराण्यासाठी केलेला संच ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

जर्मनीत आउग्सबुर्ग हे मुख्य केंद्र. तेथील मुद्रा पाइनच्या फळाची. तेथील काही संचांत चहा-कॉफीची भांडीही आढळतात.