कळीखालचं वंगण: निसरडेपणापेक्षा दाटपणा महत्त्वाचा

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यातल्या लिनियर, म्हणजे मध्ये उंचवटा किंवा टिकटिक न येता सरळ खाली जाणाऱ्या स्विचवरची एखादी कळ चार-पाच सेकंद घेत अगदी सावकाश खाली दाबून पाहा. स्विच कोरडा असेल, तर बोटाला बारीक खरखर लागते. भराभर टाइप करताना ती बोटाला कळत नाही, पण कानाला कळते. आवाजात एक कोरडी, किरटी घासाघीस मिसळलेली असते.

स्विचमध्ये मधोमध एक प्लास्टिकचा दांडा असतो, त्याला स्टेम म्हणतात. कळ दाबली की हा स्टेम खालच्या हाउसिंगमधल्या, म्हणजे स्विचच्या कवचातल्या, दोन रुळांवरून घसरत खाली जातो. स्टेम बहुतेक वेळा पीओएम, म्हणजे पॉलिऑक्सिमेथिलीन या प्लास्टिकचा असतो, तर हाउसिंग नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेटचं. पीओएम मुळातच कमी घर्षणाचं, छोट्या गिअरांसाठी नेहमी वापरलं जाणारं प्लास्टिक आहे. मग खरखर कुठून येते? दोन पृष्ठभाग एकमेकांवर स्थिर असताना त्यांना हलवायला जितका जोर लागतो, तितका ते सरकायला लागल्यावर लागत नाही. त्यामुळे सावकाश सरकणारा स्टेम क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडतं आणि त्यातूनच सूर निघतो. स्विचमधली ही अडक-सूट पोकळ हाउसिंगमधून आणि स्विच ज्यात बसवलेले असतात त्या खालच्या पट्टीतून मोठी होऊन ऐकू येते. वंगणाचं पहिलं काम ही अडक-सूट मोडण्याचं. एकूण घर्षण किती कमी झालं हा त्यानंतरचा प्रश्न.

‘सगळ्यात निसरडं वंगण कोणतं?’ हा प्रश्न म्हणूनच मला चुकीच्या जागी सुरू झालेला वाटतो. नेहमीच्या एमएक्स धाटणीच्या, म्हणजे चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचच्या नमुन्यावरच्या स्विचचा पूर्ण प्रवास 4 मिलिमीटर, त्यातल्या साधारण 2 मिलिमीटरवर अक्षर उमटतं, आणि हलक्या लिनियर स्विचला तिथपर्यंत न्यायला जेमतेम 45 ग्रॅम जोर पुरतो. मोटारीच्या बेअरिंगवर शेकडो किलोंचा भार असतो, तिथे वंगणाचा स्वतःचा विरोध हिशेबात धरला नाही तरी चालतं. इथे तसं चालत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. क्रायटॉक्स 105 नावाच्या तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, 20 अंश सेल्सिअसला सुमारे 500 सेंटिस्टोक्स आहे. हे तेल पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे पास्कल-सेकंदात हा आकडा 1 च्या आसपास जातो. स्टेम आणि रूळ यांच्यात 20 मायक्रॉनची फट धरा, तेलाने भरलेलं क्षेत्रफळ 10 चौरस मिलिमीटर आणि स्टेमचा वेग सेकंदाला 100 मिलिमीटर. विरोध येतो 0.05 न्यूटन, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. 45 मधले 5. आता हात सैल सोडून दुप्पट क्षेत्रफळ माखलं, तर 10. जिथे आधी हवा होती तिथे वंगण भरलं की विरोध असा वाढत जातो, आणि तेलाऐवजी ग्रीस असेल तर आणखीच. कळ दाबताना हा विरोध बोट पेलतं. परतीच्या वाटेवर मात्र तो एकट्या स्प्रिंगला पेलावा लागतो. जास्त वंगण घातलेला स्विच ‘मंद’ किंवा ‘चिखलात रुतल्यासारखा’ वाटतो, त्याचं कारण एवढंच.

तेल आणि ग्रीस यांतला फरकही इथेच कामाला येतो. ग्रीस म्हणजे तेलच, पण कुठल्यातरी बारीक घन पदार्थाच्या जाळ्यात धरून ठेवलेलं. एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी जोर पडला, तर ते वाहतच नाही. उभ्या रुळावर लावलेलं तेल हळूहळू खाली उतरतं, ग्रीस जागच्या जागी राहतं. ग्रीस किती घट्ट आहे हे एनएलजीआय श्रेणीवरून कळतं. 25 अंशांना, आधी घुसळून घेतलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू 5 सेकंदांत किती खोल रुततो ते मोजतात. श्रेणी 2 मध्ये तो 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुततो, श्रेणी 0 मध्ये 35.5 ते 38.5. श्रेणी 2 म्हणजे गाडीच्या चाकाच्या बेअरिंगला भरतात तसलं. लिनियर स्विचसाठी लोकप्रिय असलेलं क्रायटॉक्स 205 जी 0 हे नावाप्रमाणे श्रेणी 0 चं आहे, आणि त्यातलं मूळ तेल म्हणजे वरच्या हिशेबातलंच 105. ट्रायबोसिस 3203 आणि 3204 ही स्विचसाठीची दुसरी वंगणं त्याहून पातळ. लावण्याचा सराव नसलेल्याने 3204 पासून सुरुवात करावी, असं माझं मत. थोडं जास्त लागलं तरी स्विच बिघडत नाही. 205 तेवढी सूट देत नाही.

आता रसायन. क्रायटॉक्समधलं तेल परफ्लुरोपॉलिइथर जातीचं आणि त्याला दाटपणा आणणारा पदार्थ पीटीएफई, म्हणजे तव्यावरच्या नॉनस्टिक थरातला. ड्यूपॉन्टने बाजारात आणलेलं हे वंगण 2015 पासून केमूर्स ही कंपनी बनवते. कार्बन-फ्लोरीन बंध इतका पक्का असतो की हे तेल हवेने आंबत नाही, वर्षानुवर्षं सुकत नाही आणि प्लास्टिकच्या वाटेला जात नाही. खनिज तेलं आणि त्यांच्यातली द्रावकं मात्र काही प्लास्टिकमध्ये शिरून ताणाच्या जागी सूक्ष्म तडे पाडू शकतात. घरातल्या डब्ल्यूडी-40 चा फवारा स्विचवर मारायचा मोह होतो तो याचसाठी आवरावा. पॉलिकार्बोनेटवर जपून, असं खुद्द तिचे निर्मातेच सांगतात. शिवाय तिच्यातला बराचसा भाग उडून जातो, आणि मागे उरलेला पातळ थर धूळ धरून ठेवतो.

लावायचं कुठे? लिनियर स्विचमध्ये खालच्या हाउसिंगचे रूळ आणि स्टेमच्या बाजू. शून्य नंबरचा बारीक ब्रश ग्रीसमध्ये टेकवायचा, डब्याच्या काठावर पुसायचा आणि उरलेल्यानेच रंगवायचं. पृष्ठभागावर ओलसर चमक दिसली की पुरे. पांढरट थर दिसायला लागला, तर ते जास्त झालं. डबा बरेच दिवस पडून असेल, तर वर सुटलेलं तेल आधी ढवळून घ्यावं, नाहीतर पहिल्या दहा स्विचना तेल मिळतं आणि शेवटच्या दहांना नुसती पेस्ट.

टॅक्टाइल, म्हणजे दाबताना मध्येच उंचवटा जाणवणाऱ्या स्विचमध्ये स्टेमला दोन पाय असतात. ते तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी बाजूला ढकलतात, आणि बोटाला जाणवणारा उंचवटा तिथेच तयार होतो. त्या पायांना ग्रीस लागलं की उंचवटा गोलसर होतो. म्हणून तिथे पातळ वंगण, तेही फक्त रुळांना, आणि पाय कोरडे. क्लिकी स्विचच्या वाटेला मी जाणार नाही. टिकटिक हवी म्हणूनच तो घेतलेला असतो, आणि ग्रीस नेमकी तीच मारतं.

ती धातूची पट्टी आणखी एका कारणासाठी जपायची. हे वंगण विद्युतरोधक आहे. संपर्काच्या टोकांवर ग्रीस गेलं, की कधी अक्षर उमटत नाही, कधी एकाच दाबाला दोनदा उमटतं.

स्प्रिंगची गोष्ट वेगळी. तिचा त्रास घासण्याचा नसून झणझणण्याचा: कळ सुटल्यावर वेटोळी थरथरत राहतात. इथे पातळ तेलच हवं. सगळ्या स्प्रिंगा झिपच्या पिशवीत टाकून 105 चे काही थेंब घालायचे आणि पिशवी खळखळून हलवायची. कमी मेहनतीत सर्वाधिक फरक पडतो तो याच कामाने.

स्पेसबारखालचा स्टॅबिलायझर, म्हणजे लांब कळ दोन्ही टोकांना सारखी खाली जावी म्हणून बसवलेली तार आणि तिचे आधार, मात्र दाट ग्रीस मागतो. तिथे तारेची टोकं सैल भोकांत आदळून खडखडतात, त्यामुळे फट भरून काढणं हेच काम. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस तारेला भरपूर लावलं तरी हरकत नाही.

परफ्लुरोपॉलिइथरचा टिकाऊपणा दुसऱ्या बाजूने मात्र अडचणीचा ठरतो. ते पाण्यात विरघळत नाही आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही नाही. जास्त लागलेलं ग्रीस काढायचं, तर आधी कोरड्या कापडाने पुसायचं, मग साबणाच्या पाण्यात घासून सुटवायचं. हा पदार्थ ‘पीफास’ या कुटुंबातला आहे, निसर्गात सहजी न मोडणाऱ्या रसायनांचं ते कुटुंब. 2023 मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी युरोपात या सगळ्या कुटुंबावरच निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. वापरताना हातमोजे घालावेत, आणि बोटांना ग्रीस असताना सिगारेट तर अजिबात पेटवू नये. पीटीएफईचे कण जळत्या टोकाशी पोचले, तर त्यांच्या धुराने फ्लूसारखा ताप येऊ शकतो.