बारीक नाण्यांचा संग्रह

जगभरातील चलनांतून अगदी लहान आकाराची नाणी निवडून जमवण्याचा व अभ्यासण्याचा छंद. कोणत्या नाण्याला बारीक म्हणायचे याची ठरलेली सीमा नाही. साधारण सेंटिमीटरभर व्यासाची आणि त्याहून लहान नाणी संग्राहक या गटात धरतात.

नाण्याचे मोल त्याच्या अंगच्या सोन्या-चांदीइतकेच असे, त्या काळातली ही गोष्ट आहे. चांदीतच भाजीपाल्यापुरती मोड पाडायची, तर नाणे बारीक करण्यावाचून इलाज नव्हता. प्राचीन अथेन्समध्ये सुमारे ४.३ ग्रॅमच्या द्राख्माचे सहा ओबोल होत, आणि ओबोलचा चौथा हिस्सा भरे जेमतेम ०.१८ ग्रॅम. अशी मोड लोक गालात धरून बाजाराला जात. रशियात पीटर द ग्रेटच्या वेळचा चांदीचा कोपेक ०.२८ ग्रॅमपर्यंत उतरला होता. तारेचे तुकडे ठोकून केलेली ही लांबट नाणी माशाच्या खवल्यांसारखी दिसतात, आणि ओळखलीही जातात त्याच नावाने. पनामाचे १९०४ सालचे अडीच सेंतेसिमोचे नाणे अवघे १० मिलिमीटरचे. औषधाच्या गोळीवरून ‘पनामाची गोळी’ म्हणून संग्राहकांचे आवडते. या साऱ्यांत लहान नेपाळचा पाव जावा. काठमांडूच्या जयप्रकाश मल्लाच्या कारकिर्दीत, १७४०च्या सुमारास पाडलेले हे चांदीचे नाणे २ मिलिमीटर लांब-रुंद आणि वजनाला ०.००२ ग्रॅम; जगातले सर्वांत लहान नाणे म्हणून त्याचीच नोंद आहे. पुढे तांबे आणि निकेल यांच्या नाण्यांना दर्शनी किंमत मिळाली, आकाराचा धातूच्या मोलाशी संबंध सुटला आणि बारीक नाण्यांची गरज सरली.

भारतात आहत, म्हणजे धातूच्या तुकड्यावर ठसे ठोकून केलेल्या प्राचीन नाण्यांच्या काळापासून चांदीचे चिमुकले माषक होते. मात्र बारीक नाण्यांचा खरा मुलूख दक्षिण भारत. तिथले सोन्याचे पणम सुमारे ०.३५ ग्रॅमचे. सराफी मापात सांगायचे, तर तीन गुंजांचे, म्हणजे एक वाल. जुन्या तागडीच्या एका पारड्यात पणम आणि दुसऱ्यात तीन लाल गुंजा टाकल्या, की काटा जवळजवळ मधोमध येतो. करंगळीच्या नखावर मावणाऱ्या त्या सोन्यावर भिंग धरले, की वीरराय नावाच्या पणमाच्या एका अंगावर बारा ठिपके आणि त्यांच्यालगत मगर समजली जाणारी वळणदार आकृती दिसते. एवढ्याशा जागेत ठसा कोरणाऱ्या हाताचे कौतुक करावे तेवढे थोडे.

केरळकडच्या त्रावणकोर संस्थानाचा चांदीचा चक्रम त्याच वजनाचा. ही नाणी चिमटीत धरून मोजत बसणे अशक्यच, म्हणून ओळीने खळगे पाडलेली लाकडी फळी वापरत. मूठभर चक्रम फळीवर ओतायचे, फळी हलवायची, प्रत्येक खळग्यात एकेक नाणे बसले की वरची जास्तीची हाताने झाडून घ्यायची. किती खळग्यांची फळी हे ठाऊक असले, की मोजणी झालीच. ही फळी संग्रहात असल्याशिवाय चक्रमचा संग्रह पुरा झाला असे म्हणवत नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात अशी बारीक मोड रुजली नाही, याचे कारण शिवराई. तांब्याची ही नाणी तोळ्याच्या आसपास वजनाची, हाताला ठसठशीत लागणारी. आणि शिवराईहून लहान व्यवहाराला कवड्या होत्याच. चांदीचा चुरा पाडायची वेळच आली नाही. सोन्याचा शिवराई होनसुद्धा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे सात-आठ पणमांएवढा. तरीही या भागाचा बारीक नाण्यांशी जवळचा संबंध आला तो गलाईमुळे. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या भागांतली आणि लगतच्या माण-खटावमधली असंख्य कुटुंबे दुष्काळामुळे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली. केरळ-तामिळनाडूतल्या पेठांतही गलाईवाला मराठी बोलणारा भेटतो. मोडीत आलेल्या डागिन्यांना पणम जडवलेले असले, तर त्यांचीही वाट मुशीकडेच. मोठी मोहर कोणीतरी आठवण म्हणून बाजूला ठेवतो. वालभर सोन्याचा तुकडा लगड होऊन जातो. इतिहासाचे हे नुकसान मोठे आहे, कारण गरिबाच्या बाजारहाटाचा पुरावा याच नाण्यांत असतो.

बारीक नाणी नाहीशी होण्याची दुसरी वाट नदीची. वाईचे घाट, साताऱ्याजवळचे संगम माहुली, सांगलीजवळचे हरिपूर इथे कृष्णामाईला नाणे वाहण्याची रीत आहे. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी घाटाखालची वाळूही धुतात. तांब्या-पितळेची नाणी हाताला लागतात, पण बारीक चांदी गाळाबरोबर निसटते.

हाताळणीत मुख्य काळजी नाणे हरवू न देण्याची. पंखा बंद करावा, खाली पांढरा कागद अंथरावा, टोकाला प्लास्टिक असलेल्या चिमट्याने कडेला धरावे. नोंद व्यासासह मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच्या वजनाची हवी. नकली पणम पुष्कळ फिरतात आणि पहिला संशय वजनावरूनच येतो. चिंच-मिठाने घासणे तर सर्वथा टाळावे. तीन गुंजांच्या नाण्यावर घासण्यापुरतेही अंग नसते.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना नाण्यांचे गाडगे लागले, तर मोठी नाणी वेचून गाडगे उपडे करण्याची घाई होते. बारीक नाणी तळच्या मातीत चिकटलेली असतात; म्हणून ती माती न झटकता गाडग्यासकट जमा करावी.