नाताळ पार्टीची थीम आणि वेशाच्या खर्चाचा जुना वाद

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये जो मेल फिरतो, त्यात पार्टीची तारीख, सीक्रेट सँटाच्या भेटीसाठी ठरलेली कमाल रक्कम आणि थीम या तीन गोष्टी हमखास असतात. तारीख आणि रक्कम सारे निमूटपणे मान्य करतात. वाद होतो तो थीमवर. हिमप्रदेश घ्यावा की जुने बॉलिवूड, मुखवट्यांची रात्र की हवाई बेट, असा तो वरवर आवडीनिवडीचा वाद दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र वेशाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न असतो, आणि गेल्या पंचवीस वर्षांत थीमची निवड ज्या दिशेने सरकत आली, तिचा उलगडा याच प्रश्नातून सर्वांत चांगला होतो.

ही पार्टी आपल्याकडे धर्मामुळे आली नाही, कामाच्या वेळापत्रकामुळे आली. 1991 च्या आर्थिक धोरणानंतर सॉफ्टवेअरची निर्यात वाढू लागली आणि शतक पालटताना संगणकांतील तारखांच्या दुरुस्तीच्या कामाने तिला मोठी चालना दिली. ग्राहक बहुतांशी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये होते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येते आणि तेथून नववर्षापर्यंत वर्षातली सर्वांत मोठी खरेदी होते. त्यामुळे बँका आणि विक्री साखळ्या या आठवड्यांत आपल्या चालू प्रणालींना सहसा हात लावू देत नाहीत. या ‘फ्रीझ’मुळे हिंजवडीत आणि ऐरोलीत डिसेंबरचा उत्तरार्ध तुलनेने मोकळा राहू लागला. दिवाळीत निम्मा मजला गावी गेलेला असतो आणि उरलेल्यांवर कामाचा भार असतो. सारे जण हजर आहेत आणि कामाचा रेटाही कमी आहे, असे दिवस 25 डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यातच सापडले. सुट्टी ग्राहकाची आणि सवड आपली, असे हे गणित होते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ब्रिटिश अमदानीत ‘बडा दिन’, म्हणजे नाताळ, आला की हाताखालची माणसे आणि ठेकेदार साहेबाच्या बंगल्यावर फळाफुलांची आणि मिठाईची टोपली पोचवीत असत. तिला डाली म्हणत. म्हणजे खर्च खालच्याचा आणि मान वरच्याचा. नेमके उलटे चित्र 1843 च्या एका गाजलेल्या इंग्रजी नाताळकथेत आहे: तेथला वृद्ध व्यापारी नाताळच्या आदल्या संध्याकाळी गोदामातले काम थांबवतो, जागा मोकळी करून घेतो आणि उमेदवारांपासून मोलकरणीपर्यंत, स्वयंपाकिणीपासून गवळ्यापर्यंत सर्वांना आपल्या खर्चाने जेवू घालून नाचवतो. ऑफिस पार्टीचे मूळ सांगताना हाच प्रसंग सर्रास पुढे केला जातो. त्यात थीम नावाची गोष्ट कोठेच नाही. जो तो कामाच्या कपड्यांतच आला आहे.

वेशाची थीम आली ती दुसऱ्या घरातून, म्हणजे उमरावांच्या वेशभूषा-नृत्यांतून. याचे सर्वांत बोलके उदाहरण फेब्रुवारी 1897 मध्ये न्यूयॉर्कला घडले. मंदीच्या ऐन दिवसांत तेथील एका धनाढ्य दांपत्याने भव्य हॉटेलात नृत्यसमारंभ ठेवला आणि पाहुण्यांनी जुन्या राजदरबारांच्या वेशात यावे, असे कळवले. निमंत्रणे मुद्दाम उशिरा पाठवली, म्हणजे वेश पॅरिसहून मागवायला सवड राहणार नाही आणि न्यूयॉर्कच्या शिंप्यांना काम मिळेल, असे यजमानांचे समर्थन होते. धर्मपीठांवरून आणि वृत्तपत्रांतून टीकेची इतकी झोड उठली की ते दांपत्य पुढे इंग्लंडला जाऊन राहिले. समारंभाचा खर्च यजमानाचा आणि वेशाचा खर्च पाहुण्याचा, ही विभागणी तेव्हापासून थीमला चिकटलेली आहे. लक्षाधीश पाहुण्यांना ती जड गेली नसेल. पगारदार माणसाला जाते.

आपल्या कार्यालयांतील वाद नेमका येथेच अडकतो. 2000 नंतरच्या पहिल्या दशकात थीम म्हणजे वेश, हे जवळपास गृहीत धरले जात असे. परदेशी राहून आलेल्यांनी तेथील पार्ट्या पाहिल्या होत्या आणि कर्मचारी सहभागाचे काम पाहणाऱ्या समित्यांना छायाचित्रे हवी होती. भाड्याने वेशभूषा देणारी दुकाने शाळांच्या स्नेहसंमेलनांमुळे शहरांत होतीच. त्यांना डिसेंबरात नवे गिऱ्हाईक लाभले. परंतु एका संध्याकाळच्या वेशाचे भाडे, त्यासाठीची अनामत रक्कम आणि त्यात पुन्हा ‘सर्वोत्तम वेश’ स्पर्धेचा दबाव, हे नुकत्याच नोकरीला लागलेल्या आणि खोलीचे भाडे वाटून घेणाऱ्या मुलांना खुपत असे. विवाहित स्त्रियांची अडचण निराळी होती: मुखवटा किंवा विलायती झगा घालून लोकलने अथवा कंपनीच्या बसने घरी परतायचे कसे? या तक्रारी समितीसमोर उघड मांडल्या जात नसत. लोक त्या दिवशी घरून काम मागत किंवा जेवण सुरू झाल्यावर येत, आणि समिती त्याला उत्साहाचा अभाव म्हणे.

वेशाच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे होते, हे नोंदवायला हवे. वर्षभर एकमेकांशी न बोललेली दोन टोकांची माणसे वेशामुळे बोलू लागतात आणि वरिष्ठ स्वतः विदूषक झाला तर मजल्यावरचा ताण सैल पडतो. मात्र या बाजूकडे कोळी, आदिवासी किंवा ‘गावाकडची माणसे’ अशा थीमसाठी पटेल असे उत्तर कधीच नव्हते. ज्यांच्या आईवडिलांचा तो रोजचा पोशाख आहे, ती माणसे त्याच मजल्यावर काम करतात, ही साधी बाब निवड करणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा आली.

यातून जी वाट निघाली, ती लाल-पांढऱ्या रंगांची. तिचे श्रेय बहुतेक लोक सँटाला देतात आणि सँटाचा रंग एका शीतपेय कंपनीने ठरवला, अशी पुस्तीही जोडतात. ती अर्धवट खरी आहे. अमेरिकी साप्ताहिकातील चित्रांतून 1863 पासून गुबगुबीत सँटा आकाराला येत होता, पुढे त्याला लाल वेशही मिळाला होता आणि 1931 पासूनच्या त्या जाहिरातींनी हे रूप जगभर पक्के केले, एवढेच. आपल्या कार्यालयांनी मात्र रंगाची थीम सँटापेक्षा नवरात्रातून उचलली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुंबईतील एका मराठी दैनिकाने 2000 नंतरच्या दशकात नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला आणि त्या त्या रंगाच्या साड्यांतील स्त्रियांचे गट छायाचित्रांतून झळकवायला सुरुवात केली. पाहता पाहता बँका, शाळा, रुग्णालये, सरकारी कार्यालये आणि लोकलचे डबे त्या रंगांनी भरून गेले. या रंगांना शास्त्राधार नाही, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. पण शास्त्राधार शोधत कोणी बसले नाही. कपाटात आहे ते नेसा, खर्च शून्य, आणि छायाचित्र तरीही देखणे, हा धडा कार्यालयांना तेथे मिळाला. ऑक्टोबरात जे नऊ दिवस जमले, ते डिसेंबरात एक दिवस सहज जमणार होते. लाल कुर्ता, लाल साडी किंवा पांढरा शर्ट बहुतेकांच्या घरी असतोच.

या तोडग्यावरचे आक्षेपही ऐकू येतात. सारे जण शाळेच्या गणवेशात आल्यासारखे दिसतात. काहींना पांढरा रंग आनंदाच्या प्रसंगी नकोसा वाटतो. याहून गंभीर अडचण अशांची आहे, ज्यांना रंग निवडताच येत नाही. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग आणि पँट्रीतील माणसे कंत्राटदाराच्या नोंदीवर असतात आणि त्यांना गणवेश सक्तीचा असतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालक आणि कंत्राटदार अशी जी विभागणी लिहून ठेवली, तिचे प्रतिबिंब पार्टीच्या यादीत दिसते: यादी पगारपत्रकावरून निघते, आणि केक कापून वाटणाऱ्याचे नाव त्या पगारपत्रकात नसते. क्रॉफर्ड मार्केटातून घाऊक आणलेल्या सँटाच्या टोप्या या माणसांच्या डोक्यावर चढवून काही ठिकाणी हा प्रश्न मिटवला जातो. तो तसा मिटत नाही. रक्षकालाच सँटाचा संपूर्ण वेश चढवून दारात उभे करणे हा तर थीमचा भाग नसून जादा ड्यूटी आहे. ब्रिटनमध्ये 2003 पासून वार्षिक पार्टीचा माणशी 150 पौंडांपर्यंतचा खर्च कर्मचाऱ्याच्या करातून वगळला जातो, पण ती पार्टी सर्व कर्मचाऱ्यांना खुली असली पाहिजे अशी अट आहे, आणि मर्यादेवर एक पौंड जरी गेला तरी संपूर्ण रकमेवर कर बसतो. आपल्याकडे सर्वांना बोलावण्याची सक्ती करणारा असा करनियम नाही. बोलावले जाते ते समितीला सुचले तर.

सजावटीच्या थीमवर परिणाम केला तो कायद्याने. हिमप्रदेश ही थीम थर्माकोलवर उभी होती. बर्फ, हिममानव, घरांची छपरे, सारे त्याचेच. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, तिची अंमलबजावणी जूनपासून सुरू झाली आणि गणेशोत्सवाच्या सजावटीसाठी मागितलेली सवलतही उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नाकारली. गणपतीला जे मिळाले नाही, ते हिममानवाला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कापूस आणि कागदाचा बर्फ त्यानंतर आला. त्याच्याच काही महिने आधी, 28 आणि 29 डिसेंबर 2017 च्या दरम्यानच्या रात्री, मुंबईतील एका गिरणी-आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 माणसे दगावली होती. त्यामुळे बाहेरची जागा ठरवताना अग्निशमन दाखला विचारण्याची पद्धत वाढली आणि मेणबत्त्या, गवताची छपरे, झिरझिरीत पडदे यांवर आधारलेल्या थीम मागे पडल्या. लैंगिक छळाविरोधातील 2013 च्या कायद्याने कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि तेथवरचा मालकाने पुरवलेला प्रवास हेही कामाचे ठिकाण मानले असल्याने, रिसॉर्टवरील रात्रीच्या पार्टीत वेशावरून केलेली शेरेबाजी गंमत म्हणून सोडून देता येत नाही. समित्या वेशाच्या थीमपासून दूर जाण्याचे हेही एक कारण आहे, जरी मेलमध्ये ते लिहिलेले नसते.

परदेशातून आलेली आणखी एक थीम म्हणजे मुद्दाम कुरूप विणलेल्या स्वेटरांची. तिची पहिली पार्टी 2002 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला झाली असे मानले जाते, आणि 2012 पासून ब्रिटनमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने नाताळच्या स्वेटरांचा दिवस निधी जमवण्यासाठी सुरू केला. पुण्याच्या रात्रीला ती कशीबशी शोभते. मुंबईत डिसेंबरच्या दुपारी पारा तिशीपार असतो, तेव्हा ती केवळ वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर चालते.

येथला नाताळ मात्र थीमच्या यादीत क्वचितच सापडतो. गोव्यातील कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटे, नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका, घरोघरी मांडलेला येशूजन्माचा गोठा, अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) मराठी ख्रिस्ती घरांतील करंज्या आणि शंकरपाळी, कंदील आणि मराठी नाताळगीते हे सारे दीडशे-दोनशे वर्षे आणि गोव्यात त्याहून जुने आहे. ज्या कार्यालयात ख्रिस्ती सहकारी आहेत, तेथे त्यांना विचारले तर फराळाची थीम सहज उभी राहील आणि वेशाचा प्रश्नच उद्भवणार नाही. बहुधा विचारले जात नाही, कारण उत्सव सर्वांचा वाटावा म्हणून पार्टीचे नाव ‘इयर एंड’ केलेले असते आणि मग उरतात ती झाड, घसरगाडी आणि रेनडियर.

महासाथीच्या दोन डिसेंबरांत थीम पडद्यापुरती उरली. 2020 मध्ये महाराष्ट्रातील महापालिका क्षेत्रांत 22 डिसेंबरपासून रात्रीची संचारबंदी होती, आणि 2021 मध्ये 24 डिसेंबरला रात्री नऊनंतर पाचपेक्षा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई झाली. पार्श्वचित्र बदलणे, एखादी टोपी आणि एक लाल शर्ट एवढ्यात भागवावे लागले. या सक्तीने रंगाच्या थीमवर शिक्कामोर्तब झाले. लोक कार्यालयात परतल्यावरही निम्मी माणसे पडद्यावर असल्याने, कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच थीम ठेवण्याकडे कल राहिला. आता समित्या मतदानाचा अर्ज फिरवतात, त्यात वेशाचा एक पर्याय ‘ऐच्छिक’ असा शेरा मारून ठेवतात आणि लाल-पांढरा पर्याय पहिल्या क्रमांकावर लिहितात. तो अर्जसुद्धा कंपनीच्या ईमेल पत्त्यांवरच जातो. पँट्रीतील आणि दारावरील माणसांना तो पत्ता नसतो.