प्रवेशाआधी नाव बघा : सीएनसी-व्हीएमसी बॅचच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

आमच्या संस्थेत सीएनसी-व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातूकामाची मशीनं, शिकवतात. चौकशीला येणाऱ्यांचा, त्यातही पालकांचा, पहिला प्रश्न ठरलेला : "सर, सर्टिफिकेट सरकारी न्हवं?"

सर्टिफिकेटं दोन असतात. कोर्स संपल्यावर मिळतं ते आमच्या संस्थेचं. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या ज्या कारखान्यांत आमची मुलं आधी लागली आहेत, तिथं ते चालतं. दुसरं एनएसक्यूएफचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कौशल्य चौकटीतलं. त्याची परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो, आमच्या हातात काही नसतं. त्यावर कौशल्याची लेव्हल छापलेली असते, म्हणून पुण्याजवळ चाकणला गेलात तरी समोरच्याला कळतं. दोन वर्षांच्या फिटर किंवा मशिनिस्ट आयटीआयची जागा मात्र दोन्हींपैकी एकही घेत नाही. ज्याचं वय आहे आणि घरची सवड आहे, त्यानं आयटीआयच करावं, हे आम्ही तोंडावर सांगतो. त्यापायी काही प्रवेश जातात, ते जाऊ देत.

दर बॅचला आमचा आठवडा खाते ती गोष्ट वेगळीच आहे : नाव.

एनएसक्यूएफ सर्टिफिकेटवरचं नाव आम्ही टाइप करत नाही. आधारच्या ई-केवायसीतून, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीतून, जसंच्या तसं येतं. आणि आपल्या भागात एकाच माणसाची तीन-तीन नावं असतात. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर 'सागर मारुती पाटील', आधारवर 'सागर एम पाटील', बँकेत नुसता 'सागर पाटील'. चंदगडहून येणाऱ्याच्या दहावीच्या कागदावर, महाराष्ट्र बोर्डाच्या रीतीप्रमाणे, आडनाव आधी. त्यात स्पेलिंगचा घोळ. कन्नड वळणानं लिहिणारा 'त'ला 'टीएच' लावतो, मराठी वळणाचा नुसता 'टी'. मारुती, ज्योती, सविता सगळे यात सापडतात. घरात कुणाला पत्ता नसतो, कारण हाक मारताना 'एच' ऐकू येत नाही.

एका मुलाला अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात काम करत शिकायची संधी, मिळाली होती. अप्रेंटिसच्या स्टायपेंडमध्ये केंद्र सरकारचा वाटा पाव हिश्शाचा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये. तो आधारला जोडलेल्या खात्यावर जातो. याच्या आधारचं आणि पासबुकाचं नाव जुळेना. कामावर रोज जात होता, पैसे अडकले. घरचे भांडायला आमच्याकडे.

म्हणून प्रवेशाआधी मार्क्स कार्ड, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं वाचा. फरक दिसला तरी लगेच आधार केंद्रावर पळू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. काहीजण पासबुकाशी जुळवायला आधार बदलतात आणि नंतर मार्क्स कार्ड काढून बघतात. एक संधी गेली. आमचा सल्ला : मार्क्स कार्ड मूळ धरा, बाकीचे त्याला जुळवा. दुरुस्तीला कधी महिनाही लागतो, तेव्हा बॅच सुरू व्हायची वाट बघू नका.

फाउंड्रीत पंधरा-वीस वर्षं काढलेले मोल्डर (साचे करणारे), टर्नरही (लेथवर काम करणारे) अनुभवावर सर्टिफिकेट मिळतं का म्हणून विचारायला येतात. आधी शिकलेल्या कामाची पारख करून प्रमाणपत्र द्यायची सोय आहे, त्याला आरपीएल म्हणतात. त्यांनी जन्मतारीख आधी बघावी. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट १ जून लिहिलेली मंडळी आपल्याकडे कमी नाहीत, आणि आधारवर कधी कधी भलतीच तारीख निघते.

कागद बघितल्याशिवाय आम्ही फी घेत नाही, यावर काहीजण रुसतात. शेजारी हातोहात पावती मिळते म्हणतात. मिळत असेल. नोकरीची हमीही आम्ही देत नाही. इंटरव्ह्यूला सुपरवायझर हातात जॉब, म्हणजे मशीनवर केलेला तुकडा, आणि मोजायचा व्हर्नियर ठेवून "साइज सांग" म्हणतो. ड्रॉइंगवर २५ मिमी, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, उणे-अधिक ०.०२. तुम्ही २४.९६ ला "बरोबर आहे सर" म्हणालात तर तिथं कुठलंच सर्टिफिकेट कामाला येत नाही. त्यासाठीच आमच्याकडे मशीनवर जाण्याआधी मोजमापाचा सराव घेतात. शिकवणं मराठीत, पण मशीनच्या स्क्रीनवरचं सगळं इंग्रजीत वाचून घेतो.

शनिवारी दुपारी कागद तपासायला या. पैसे लागत नाहीत, कोर्स दुसरीकडे करणार असलात तरी चालेल. फक्त मूळ कागद आणा. झेरॉक्समध्ये नेमका तो 'एच' पुसट आलेला असतो.