'सीगेट लवकर जाते' : या समजात तथ्य किती?

म्हापशाच्या बाजारात कुठेही हार्ड डिस्क मागा, फुकटचा सल्ला ठरलेला: "सीगेट नको, लवकर जाते. डब्ल्यूडी घ्या." (सीगेट आणि डब्ल्यूडी म्हणजे वेस्टर्न डिजिटल, या दोन्ही हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या.)

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. 2009 च्या सुमारास सीगेटच्या बाराकुडा 7200.11 मालिकेत फर्मवेअरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा, दोष निघाला. आतला डेटा शाबूत, पण डिस्क बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, दिसायचीच बंद व्हायची. पुढे एसटी3000डीएम001 हे 3 टीबीचं मॉडेल बॅकब्लेझ या क्लाउड कंपनीच्या आकडेवारीत फारच वाईट निघालं. मात्र त्याच कंपनीकडे सीगेटच्याच 4 टीबीच्या डिस्क कितीतरी बऱ्या चालल्या. दोष एका मॉडेलचा, बदनामी सगळ्या घराण्याची!

आयबीएमच्या डेस्कस्टार 75जीएक्सपी या डिस्क तर इतक्या जायच्या की लोक त्यांना 'डेथस्टार' म्हणत. तोच धंदा 2003 मध्ये हिताचीकडे गेला आणि त्यांच्या डिस्क पुढे बॅकब्लेझकडे सर्वांत भरवशाच्या ठरल्या. 2012 मध्ये तो डब्ल्यूडीने विकत घेतला. आता शपथ कुणाच्या नावाने घ्यायची?

आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. यूपीएस नसेल तर कुठलीच डिस्क सुरक्षित नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स'चा, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या भागांचा, आकडा आठवड्यागणिक वाढताना दिसला, तर स्टिकरवरचं नाव वाचत बसू नका, आधी फोटो दुसरीकडे कॉपी करा. आकडा स्वच्छ असला तरी बॅकअप हवाच, कारण काही डिस्क कसलीही पूर्वसूचना न देता जातात.